हातवाऱ्यांची साक्ष

आगरदांड्याच्या नुरुद्दीनला कुणी लढाईबद्दल विचारलं, की त्याचं उत्तर ठरलेलं असे. "साहेबांना चाय दिली." एवढं बोलून तो हसायचा आणि गोष्ट जेट्टीवरच्या मासळीच्या भावाकडे वळवायचा. एकाहत्तरच्या लढाईत तो नौदलात होता हे खरं, पण कागदावर स्टुअर्ड. म्हणजे पांढरा कोट घालून अधिकाऱ्यांच्या टेबलावर वाढणारा. गावाला तेवढं पुरे होतं. पानाच्या टपरीवर त्याला 'चायवाला फौजी' म्हणत आणि हा भला माणूस त्यावर चिडायचं सोडून त्यांनाच चहा पाजायचा.

त्याच्या बायकोला, मुनिराला, ही थट्टा मुळीच खपत नसे. टपरीवरच्या एकेकाला मनातल्या मनात तिने कितीदा तरी फैलावर घेतलं होतं. पण खरं सांगायचं तर तिचीही समजूत तीच होती. नवऱ्याने लढाईत चहाच दिला असणार, अल्लाने सुखरूप परत आणला, आणखी काय पाहिजे? पन्नास वर्षांच्या संसारात तिने याहून जास्त विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

मग गेल्या वर्षी त्याला दम लागायला लागला. आधी जेट्टीचा चढ चढताना, मग नमाजात उठता-बसताना, मग नुसतं बोलताना. अलिबागला छातीतून पाणी काढलं, ते पुन्हा भरलं. मुलगा वासिफ, ज्याची जेट्टीवर बर्फाची गाडी होती, तो बापाला मुंबईला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासणीचे कागद पाहिले आणि विचारलं, "चाचा, अॅस्बेस्टॉसची धूळ कुठे खाल्लीत तुम्ही? फुप्फुसाच्या अस्तराचा हा कॅन्सर सहसा त्या धुळीनेच होतो. आणि तीही खूप वर्षांपूर्वी गेलेली असते."

नुरुद्दीन म्हणाला, "बॉयलर रूममंदी."

"कुठल्या बॉयलर रूममंदी?" मुनिराने विचारलं. तिला वाटलं, आजाराने याचं डोकं फिरलं.

तेव्हा ते सगळं बाहेर आलं. लढाईच्या तोंडावर जहाजात कावीळ पसरली आणि बॉयलरवरचे निम्मे खलाशी आडवे झाले. खाली उतरायला कोण तयार आहे, असं विचारल्यावर वीस वर्षांच्या स्टुअर्डने हात वर केला. वरिष्ठांनी तोंडी हुकूम दिला, कागदावर नोंद करायला फुरसत होती कुणाला! सगळी लढाई तो जहाजाच्या पोटात होता. वाफेच्या नळ्यांवर अॅस्बेस्टॉसचा जाड लेप असायचा. नळी फुटली की तो लेप हातांनी ओरबाडून काढायचा, नळी बांधायची आणि ओल्या लेपाने पुन्हा मढवायची. लढाई संपून जहाज दुरुस्तीला लागलं, तेव्हा जुने लेप सोलायलाही हाच. वर्षभर भुवयांवर पांढरी धूळ. नंतर त्याला परत वर बोलावलं आणि पांढरा कोट घालून तो पुन्हा ट्रे घेऊन उभा राहिला.

"पन्नास वरसं," मुनिरा म्हणाली, आणि तिचा आवाज दवाखान्याबाहेर ऐकू गेला असणार, "पन्नास वरसं तुमच्याबरोबर राह्यले मी. आणि ह्ये मला डाक्टरच्या टेबलाफुडं कळायचं?"

"तुला सांगून काय करू? तू घाबरली असतीस."

"तेव्हा घाबरले असते. आता रडायला आणलंत."

परतीच्या वाटेवर ती धुसफुसतच होती. पण रागाच्या खाली तिला काहीतरी दुसरंच वाटत होतं. अभिमान म्हणतात तो हाच असावा, अशी तिला शंका आली. टपरीवरच्या त्या सगळ्यांना ओळीने उभं करून ही गोष्ट ऐकवावी, असं तिला फार फार वाटलं.

अलिबागच्या सैनिक कल्याण कार्यालयात हेमांगी नावाची मुलगी होती, तिने हे प्रकरण हाती घेतलं. नुरुद्दीन पेन्शन बसायच्या आतच नौदलातून सुटला होता, त्यामुळे सरकारचं त्याला काहीच मिळत नव्हतं. "पण काका, हा आजार सेवेतून झाला असं नौदलाच्या मंडळाने मान्य केलं, तर अपंगत्वाची पेन्शन बसते," हेमांगी म्हणाली. "उपचार फौजेच्या खर्चाने होतात. आणि तुमच्यानंतर काकींनाही पेन्शन चालू राहते."

शेवटचं वाक्य ऐकून नुरुद्दीन खुर्चीत सरळ बसला. आतापर्यंत तो नको नको म्हणत होता. जहाजाविरुद्ध अर्ज करायचा, हे त्याला आईविरुद्ध फिर्याद केल्यासारखं वाटत होतं. पण वासिफने औषधांसाठी बर्फाची गाडी विकायला काढली होती, हे त्याला ठाऊक होतं. आपण गेल्यावर मुनिरा कुणाच्या तोंडाकडे बघणार, हाही हिशेब त्याने करून ठेवला होता.

"लिव पोरी," तो म्हणाला. "मुनिरासाठी लिव."

अर्ज गेला आणि फेटाळून आला. कारण साधं होतं. नोंदीप्रमाणे हा इसम स्टुअर्ड, बॉयलर रूमशी त्याचा संबंध नाही. त्यात कुणाची चूक काढावी? कागदाने जे पाहिलं तेच तो बोलला. साक्षीदार म्हणावा तर उरणकडचा नामा, खाली त्याच्याच पाळीत काम करणारा जिवलग, तो तीन वर्षांपूर्वी असाच खोकत खोकत गेला. तेव्हाचे वरिष्ठ तर केव्हाच अल्लाघरी. हेमांगीने अपील केलं. सुनावणीची तारीख लागली, पण तिलाही फारशी आशा नव्हती, आणि ती मुलगी मनातलं चेहऱ्यावर लपवू शकणाऱ्यांतली नव्हती.

तारीख येईपर्यंत नुरुद्दीनचा श्वास आणखी आखूड झाला. एक वाक्य बोलला की दुसऱ्यासाठी थांबावं लागे. मग त्याने बोलणंच कमी केलं आणि घर पुन्हा हातवाऱ्यांवर चालू लागलं. यात घरच्यांना नवल काही नव्हतं. नुरुद्दीन आणि मुनिरा आयुष्यभर हातांनी बोलत आले होते, पोरंही ते बघतच मोठी झाली होती.

त्याची सुरुवात लढाईनंतर झालेल्या लग्नापासूनची. घर माणसांनी भरलेलं, सासूबाई ओटीवर ठाण मांडून बसलेल्या. नव्या सुनेने मोठ्यांदेखत नवऱ्याशी बोलायचं नाही, हा रिवाज. रजेवर आलेला नुरुद्दीन पडवीत उभा राहून चुलीपाशी बसलेल्या बायकोला हाताने सांगायचा. ओंजळ खालून वर उचलली, की पाणी दे. तळहात पालथा करून खाली दाबला, की आग मंद कर. कोपर बाहेर काढून मूठ पोटाशी गोल फिरवली, की चुलीला हवा घाल, धूर होतोय. आणि चावी फिरवावी तशी बोटं फिरवली, की गप्प, अम्मा येतेय. सोळा-सतरा वर्षांची मुनिरा चार दिवसांत सगळं शिकली. तिला वाटलं, हे आपल्या नवऱ्याने आपल्यासाठी शोधून काढलंय. दीर-जावांना जे येत नाही ते आपल्या दोघांना येतं. कुणाला सांगितलं नाही, पण या गोष्टीचा तिला जन्मभर तोरा होता.

सुनावणीच्या दिवशी मुंबईच्या एका मोठ्या खोलीत टेबलामागे तिघे बसले होते. मधले निवृत्त इंजिनियर कमांडर, बेळगावकडचे, पिकल्या मिशांचे. एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला कागद सांभाळणारे बाबू. नुरुद्दीन चाकाच्या खुर्चीत, नाकाला ऑक्सिजनची नळी. मुनिराला खरं तर बाहेर बसायचं होतं, पण सिलिंडरकडे बघायला कुणीतरी हवं म्हणून तिला आत घेतलं. ती दाराजवळच्या बाकावर वासिफशेजारी ओढणी सावरून बसली. हेमांगी अलिबागहून आली होती आणि हातातली फाइल उगाच उघडत-मिटत होती.

डॉक्टरांनी विचारलं, "घरावर सिमेंटचे पत्रे आहेत का?"

"कौलं हायत, साहेब," मुनिरा बाकावरून म्हणाली. "सासऱ्यांनी घातलेली."

"सुटल्यावर कुठे नोकरी? गोदीत, कारखान्यात?"

"होडी केली," नुरुद्दीन म्हणाला. "मासळी."

"मग बॉयलर रूममध्ये तुम्ही होता, याला आधार काय?"

नुरुद्दीनने सांगायला सुरुवात केली. कावीळ, तोंडी हुकूम, नामा. चौथ्या वाक्याला त्याचा श्वास अडकला. तोंड उघडंच राहिलं, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, ओठ निळसर दिसायला लागले. डॉक्टर उठू लागले. पण त्याआधीच मुनिरा बाकावरून उभी राहिली होती. साहेबलोकांपुढे ओरडायचं तरी कसं? म्हणून तिने घरच्या सवयीने खोलीच्या त्या टोकाहून ओंजळ खालून वर उचलली. पाणी देऊ का?

नुरुद्दीनने तळहात पालथा करून हळूहळू खाली दाबला. नको. मंद घे. थांब जरा.

मुनिराने कोपर बाहेर काढून मूठ पोटाशी फिरवली. हवा वाढवू? त्याने मान हलवली, तशी तिने येऊन सिलिंडरची कळ थोडी उघडली. त्याचा श्वास जाग्यावर आला. डॉक्टर परत खुर्चीत बसले.

कमांडरसाहेब मात्र कागदांकडे बघायचे थांबले होते. हातातलं पेन त्यांनी खाली ठेवलं होतं.

"काकी," ते म्हणाले, "आता हात केलात तो पुन्हा करून दाखवा."

मुनिरा शरमून लाल झाली. भर दरबारात नवऱ्याशी हातवारे करताना पकडली गेले, एवढंच तिला समजलं. "माफ करा साहेब. सवय हाय. ह्यांला बोलवत न्हाय ना."

"माफी कसली मागता? दाखवा तर. ते कोपर काढून मूठ फिरवली ते."

तिने संकोचत दाखवलं.

"याचा अर्थ?"

"चुलीला हवा घाल."

"आणि ओंजळ?"

"पानी दे."

कमांडरसाहेब खुर्चीतून उठले. टेबलाला वळसा घालून नुरुद्दीनच्या समोर आले, आणि एक शब्द न बोलता त्यांनी आपला हात हवेत धरून झरझर काहीतरी केलं. दोन बोटं वर, मग तळहात खाली, मग एक बोट डावीकडे. मुनिराला त्यातलं अर्धंच कळलं. पण नुरुद्दीनचा हात मांडीवरून असा उठला, जसा वीस वर्षांच्या पोराचा उठावा. त्याने ओंजळ उचलली, कोपर काढलं, मूठ फिरवली, आणि शेवटी चावीसारखी बोटं वळवून हात थांबवला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तो हसत होता.

"मी सांगितलं, दुसऱ्या बॉयलरचा दाब पडतोय, डावी नळी गळतेय," कमांडरसाहेब बाकीच्या दोघांकडे वळून म्हणाले. "यांनी सांगितलं, पाणी सोड, पंखा वाढव, डाव्या नळीची झडप बंद कर. बरोबर सांगितलं."

डॉक्टर सरळ माणूस होते, त्यांनी रास्तच शंका काढली. "सर, हात हलवणं हा पुरावा कसा होईल? कुणीतरी शिकवलं असेल."

"बॉयलर रूममध्ये कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही, डॉक्टर. तिथे सगळं काम हातांनी चालायचं. मी तरुणपणी वाफेच्या जहाजांवर काढलीत वर्षं. वरच्या स्टुअर्डला या खुणांचं काम नाही, त्याला त्या कुणी शिकवणारही नाही. आणि तो पंख्याचा हात? आमच्या वेळेपर्यंत तो बदलला होता. फक्त जुने खलाशी तसा करायचे. तसली जहाजं भंगारात जाऊन जमाना झाला, आज हा हात शिकवायला माणूस आणणार कुठून?" मग ते मुनिराकडे वळले. "काकी, तुम्ही हे कधी शिकलात?"

"लगीन झालं त्या साली." ती म्हणाली. "चुलीफुडं बसून. मला वाटलं... मला वाटलं ह्यांनीच काढलंय."

"तुम्हाला बॉयलर रूमचं माहीत होतं?"

"आता कळलं, साहेब. ह्यो आजार झाला तेव्हा. त्याच्या आधी ह्यो मानूस चाय देत व्हता म्हनूनच आख्खा गाव सांगतो. आनि मीबी तेच मानत व्हते."

बाबूंनी चष्मा काढून पुसला. डॉक्टरांनी तपासणीचे कागद ओढून घेतले, पुन्हा एकदा शेवटपर्यंत वाचले आणि म्हणाले, "आजाराबद्दल मला आधीही शंका नव्हती. आता जागेबद्दलही नाही. माझ्या नावाने लिहा."

कमांडरसाहेबांनी बाबूंना उभ्याउभ्याच मजकूर सांगितला. आजार नौदलाच्या सेवेतूनच उद्भवला आहे, असं मंडळाचं एकमत. हुकूम रीतसर पोस्टाने येईल, पण मत झालं. हेमांगीने फाइल छातीशी धरली आणि खुशाल रडायला लागली. वासिफने बापाच्या खांद्यावर हात ठेवला. लहानपणापासून शंभरदा पाहिलेले ते हात आज तो पहिल्यांदाच बघत होता.

निघताना कमांडरसाहेब नुरुद्दीनपुढे ताठ उभे राहिले आणि त्यांनी कडक सलाम ठोकला. खुर्चीतल्या माणसाने तितक्याच कडकपणे तो परत केला. मुनिराच्या मनात आलं, टपरी इथे उचलून आणायला हवी होती. मग साहेब तिला म्हणाले, "काकी, आणखी किती खुणा आहेत तुमच्याकडे? एखादी राहिली असेल तर मलाही शिकायची आहे."

"एक हाय," मुनिरा म्हणाली. "पन ती दाखवायची न्हाय."

साहेब मोठ्यांदा हसले. नुरुद्दीनने मान खाली घातली.

परतीला त्यांनी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रोरो बोट धरली. वासिफ गाडी आत लावून चहा आणायला गेला. खुर्ची कठड्याशी लावून मुनिरा नवऱ्याशेजारी बाकावर बसली. जिंकून आलेली बाई जशी दिसायला हवी तशी ती दिसत नव्हती. पेन्शनचा आनंद होता, नाही असं नाही. पण आत काहीतरी टोचत होतं आणि ते बोलल्याशिवाय तिला चैन पडलं नसतं.

"सगळं जहाजातलं व्हतं तर," ती म्हणाली. "पानी, हवा, मंद कर. मला आपलं वाटायचं, माझ्यासाठी हाय."

नुरुद्दीनने श्वास गोळा केला. "दुसरं काय येत व्हतं मला? जे येत व्हतं ते दिलं."

तिने इकडेतिकडे बघून आवाज खाली केला. "आनि ती? ती पन जहाजातलीच?"

ती म्हणजे कोणती, हे त्याला विचारावं लागलं नाही. ताट घेताना, पाण्याचा तांब्या घेताना, रजा संपून एसटीत चढताना तो हळूच तिच्या मनगटावर दोन बोटांनी दोन थापा मारायचा. सासूबाईंच्या नाकासमोर मारायचा आणि त्यांना कधी कळलं नाही. नव्या नवरीने त्याचा जो अर्थ घ्यायचा तो मुनिराने घेतला होता. अजूनही त्या थापा पडल्या की तिला ओढणी सारखी करावी लागे.

नुरुद्दीन पाण्याकडे बघत तुकड्या-तुकड्यांनी बोलला. "ती पन तिथलीच. नळी फुटली की वाफ भरायची. हात दिसायचा न्हाय, आवाज यायचा न्हाय. मग शेजारच्याला चाचपडून मनगट धरायचं. दोन थापा. म्हंजे मी हाय. जिता हाय." तो थांबला. मुनिराने घाई केली नाही. "लढाईत एकदा तशी फुटली. मी नामाला मारली. नामानं मला परत मारली. तिकडच्या पोराला मारली." पुन्हा थांबला. "त्यानं परत मारली न्हाय."

मुनिराने त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. इतक्या लोकांत तिने आजवर कधी असं केलं नव्हतं.

"परत मारायची असते व्हय?" तिने विचारलं.

"मारायची असते."

"मग मला कधी सांगितलं न्हाय ते? मी तर नुसती घेतच राह्यले. पन्नास वरसं तुमी माझ्या उत्तराची वाट बघत व्हतात?"

नुरुद्दीन हसला. "तू लाजायचीस ना. म्हनून कळायचं, हाय म्हनून."

मुनिराला हसू आलं आणि रडूही आलं. दोन्ही एकदम आल्यावर जे होतं ते झालं, ओढणीचं टोक पार भिजून गेलं. तिने त्याचं हडकुळं मनगट उलटं केलं आणि दोन बोटांनी दोन थापा मारल्या. नवशिकी होती, जरा जोरातच बसल्या. नुरुद्दीनने डोळे मिटले आणि तिच्या मनगटावर दोन मारल्या. तिने पुन्हा मारल्या.

वासिफ चहाचे कप सांभाळत आला तेव्हा मांडव्याचा धक्का दिसू लागला होता. आईबापांना असं बसलेलं पाहून तो जागीच थबकला. "अम्मी, काय झालं? अब्बांना हवं का काही?"

"काय नको त्यांला," मुनिरा त्याच्याकडे न बघता म्हणाली. "चाय ठेव तिथं आनि जा गाडीत बस. आमचं बोलनं चाललंय."